सिंगल सीटच्या नोंदी: २०१२ ची क्लासिक, दोन स्प्रिंगा आणि उद्यमनगरचे चाचा

५ जानेवारी २०२५

काम काय ते आधी लिहून ठेवतो. गाडी २०१२ ची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० मोटरसायकल, सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकानं मूळ सीट काढून कुठूनतरी एक गुबगुबीत, मधोमध खोलगट सिंगल सीट बसवलीय. कंपनीचं नाव नाही, शिक्का नाही. दिसायला झकास. कोल्हापुरातून निघालं की कळ्यापर्यंत काही वाटत नाही. साळवणच्या आसपास मांडीला मुंग्या यायला लागतात आणि गगनबावड्याला चहाला उतरलं की टाकी धरून जरा वेळ उभंच राहावं लागतं. अंतर सगळं मिळून पंचावन्न किलोमीटर.

हवंय ते एवढंच: आंबा घाटातून रत्नागिरीपर्यंत जाताना बुडासाठी थांबावं लागू नये. चहासाठी थांबू. खर्च चार हजारांच्या आत. फ्रेम कापायची नाही, वेल्डिंग करायचं नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की केली. लांब अखंड सीटवर माणूस सतत जागा बदलत असतो. घाटात पुढं येतो, सरळ रस्त्यावर मागं रेलतो, कंटाळला की एका कुल्ल्यावर भार टाकतो, आणि हे त्याला कळतही नाही. सिंगल सीटवर ती मुभाच नसते. एकच जागा मिळते, ती चुकीची असेल तर पूर्ण प्रवास चुकीचा. त्यात ही खोलगट सीट, म्हणजे इंचभरसुद्धा सरकू देत नाही. त्यामुळं 'सगळ्यात भारी सीट कुठली' हा प्रश्नच आपल्या कामाचा नाही. माझ्या हाडांना बसेल ती कुठली, एवढंच बघायचं.

१२ जानेवारी

मोजमापाचा रविवार.

माणूस बसतो तो मांसावर नाही, कुल्ल्यांखालच्या दोन हाडांवर. त्या हाडांमधलं अंतर मोजायची सायकलवाल्यांची युक्ती साधी आहे. कडक स्टुलावर खोक्याचा नालीदार पुठ्ठा ठेवायचा, पातळ चड्डीवर बसायचं, पाय थोडे उचलायचे, मिनिटभरानं उठायचं. पुठ्ठ्यात दोन खळगे उमटतात. उजेडात तिरका धरला की नीट दिसतात. खळग्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत पट्टी लावली: १३ सेंटिमीटर. हाडाच्या दोन्ही बाजूंना चार-पाच सेंटिमीटर सपाट आधार हवा असं धरलं, तर बसायच्या जागी निदान २२-२३ सेंटिमीटर रुंदी सपाट पाहिजे. कडेची गोलाई त्यात धरायची नाही.

आता सध्याची सीट. पट्टी लावली तर रुंदी २८ सेंटिमीटर. वा! पण सरळ फळी आडवी ठेवली तेव्हा खरं चित्र दिसलं. मधे खोलगट, दोन्ही कडा वर आलेल्या, आणि सपाट भाग जेमतेम १५ सेंटिमीटरचा. म्हणजे हाडं उतारावर आणि भार आतल्या नाजूक भागावर. मुंग्या तिथूनच येतात. 'बकेट सीट' म्हणून जो आकार खपतो, तो ज्याची हाडं त्या खड्ड्यात बरोबर बसतात त्याच्यासाठी ठीक. बाकीच्यांनी लांब राहावं.

सीटपासून फूटरेस्टपर्यंतचं अंतरही घेऊन ठेवलं. सीट जितकी खाली, तितका गुडघा जास्त दुमडतो, कंबर मागं गोल होते आणि भार हाडांवरून सरकून माकडहाडाकडं जातो. 'बुटक्या माणसाला सीट खाली पाहिजे' हे सिग्नलला पाय टेकवण्यापुरतं खरं आहे. चालत्या गाडीवर त्याच माणसाची कंबर तक्रार करू शकते.

१९ जानेवारी

आज स्प्रिंगा. या विषयावर पार्किंगमधे जितकी मतं ऐकायला मिळतात तितकी राजकारणावरही मिळत नाहीत.

सीटखाली स्प्रिंगा आल्या त्या गाडीला मागं सस्पेन्शन नव्हतं म्हणून. जुन्या मोटरसायकलींचं मागचं चाक थेट फ्रेमला आवळलेलं असायचं. खड्ड्याचा हादरा सरळ मणक्यात जायचा, मधे स्प्रिंगवाली सीट हाच काय तो आधार. १९४८ मधे बुलेट मागच्या स्विंगआर्म (चाकासकट वरखाली हलणारा दांडा) सस्पेन्शनसह समोर आली, त्या काळात ती नवलाईच होती. पुढं सगळ्यांनीच तो रस्ता धरला आणि स्प्रिंगच्या सीटची मूळ गरज संपली. आमच्या क्लासिकवर ती आहे ती जुन्या रूपाच्या हौसेसाठी.

पण आहे तर तिचा परिणाम होतोच. खाली शॉकॉब्सॉर्बरची स्प्रिंग, वर सीटची. खालच्या स्प्रिंगला डॅम्पिंग आहे, आतलं तेल उसळी जिरवतं. वरच्या दोघींना काही नाही. त्या दाबल्या जातात आणि उसळून परत येतात.

थोडं गणित केलं, गोकुळ शिरगावात मशीन शॉपला काम केल्याचा एवढा तरी उपयोग. स्प्रिंगवर बसल्यावर ती किती खाली जाते यावरून तिची स्वतःची वारंवारता, म्हणजे सेकंदाला किती वेळा ती वरखाली नाचते ते (हर्ट्झमधे), निघते. बायकोला पट्टी धरून उभं केलं, मी बसलो: सीट ९ मिलिमीटर दबली. त्यातून येतात साधारण सव्वापाच हर्ट्झ. गोची इथंच आहे. बसलेल्या माणसाच्या धडाला उभा हादरा सगळ्यात जास्त झोंबतो तो ४ ते ८ हर्ट्झच्या पट्ट्यात. म्हणजे या स्प्रिंगा बरोबर नको तिथं नाचतायत.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. मित्राच्या त्याच मॉडेलच्या स्प्रिंगा शेजारी ठेवल्या. माझ्यावरच्या स्प्रिंगांची तार जाड, वेटोळी कमी. 'हेवी ड्यूटी' म्हणून बसवलेल्या दिसतात. तार नुसती दहा टक्के जाड केली तरी स्प्रिंग सुमारे ४६ टक्के कडक होते, कारण कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. वेटोळी कमी झाली की आणखी वाढतो. दुकानात हातानं दाबून 'लय दणकट हाय' म्हणत घेतलेली स्प्रिंग रस्त्यावर अशी वसूल करते.

मित्राची जोडी लावून परत मोजलं: २२ मिलिमीटर. म्हणजे तीनच्या थोडं वर हर्ट्झ, त्रासाच्या पट्ट्याच्या खाली. इंजिनची थरथर हा वेगळा विषय. ३००० आरपीएमला ती ५० हर्ट्झची असते आणि मऊ स्प्रिंग ती बऱ्यापैकी अडवते. माझ्या जुन्या ३४६ सीसी इंजिनला बॅलन्सर (थरथर मारणारा वजनदार फिरता दांडा) नाही, त्यामुळं तेवढा फायदा सोडवत नाही. नव्या क्लासिकच्या जे-सीरिज इंजिनला बॅलन्सर शाफ्ट असल्यानं तिथं हा हिशेब वेगळा बसेल.

तर स्प्रिंगा ठेवायच्या, पण मऊ. तसली जोडी मागवली.

२ फेब्रुवारी

दुसऱ्यांच्या सीटवर बसायचा कार्यक्रम. पार्किंगमधे बसून काही कळत नाही, पहिली पाच मिनिटं सगळ्याच सीटा चांगल्या असतात. तास-दीड तास चालवायला देईल असाच मित्र गाठायचा.

गोवन क्लासिक ३५०: २०२४ च्या नोव्हेंबरात गोव्यातच बाजारात आणलेली, नावही गोव्याचं. पुढची सीट हवेत तरंगल्यासारखी, उंची ७५० मिलिमीटर. आमच्या नेहमीच्या क्लासिकची नवी आवृत्ती ८०५. पाय पुढं, हँडल उंच. गावात, समुद्राकाठच्या रस्त्यावर राजासारखं वाटतं. पण पाय पुढं गेले की उठून हादरा गुडघ्यांवर घेता येत नाही. स्पीडब्रेकर आला की जे काही आहे ते कंबरेनं सोसायचं. मित्राची उंची माझ्यापेक्षा कमी, चालवणं निवांत, त्याला ती अगदी बसलीय. त्याची ती गाडी, माझी नाही.

शेजारच्या पोराची जावा पेराक: तीही ७५०. काळीकुट्ट, देखणी. सीट सपाट आणि पुरेशी रुंद निघाली, फोमही खाली बसत नाही. सपाट म्हणजे काय ते या गाडीनं दाखवलं. उंची मात्र माझ्या गुडघ्याला कमीच. जावा ४२ बॉबरची सीट पुढंमागं सरकवता येते, ही कल्पना मला सगळ्यात आवडली. सिंगल सीटमधे हे सगळ्यांनीच द्यायला हवं. माझ्या गाडीवर तसं करायचं तर ब्रॅकेट बनवावं लागेल आणि वेल्डिंग नको असं ठरलंय.

एकूण, सपाट आणि रुंद पाहिजे, उंची आहे तीच पाहिजे.

९ फेब्रुवारी

वरून टाकायच्या गोष्टी. जेलची गादी: सावलीत बरी, उन्हात उभी केलेल्या गाडीवर तापते आणि लवकर निवत नाही. मार्चमधे काय होईल ते सांगायला नको. हवेची गादी: हवा कमी ठेवली तर उत्तम, पण वळणात बूड स्वतंत्रपणे डोलतं, ते मला झेपत नाही. जाळीचं कव्हर: स्वस्त, घाम वाळतो, आकार काही बदलत नाही. विषय संपला.

तयार सीट घ्यायची की करवून? तयार सीटांचे फोटो सगळे बाजूनं काढलेले असतात. वरून काढलेला फोटो आणि सपाट भागाची रुंदी कुणीच देत नाही. करवून घेणार.

१६ फेब्रुवारी

फोम. दुकानात गेलं की माणूस अंगठ्यानं दाबून बघतो. अंगठा कडकपणा सांगतो, घनता सांगत नाही, आणि टिकाऊपणा घनतेवर असतो. मऊ पण घन असा फोम मिळतो, कडक पण फुसका असाही मिळतो. दुसरा घेतला तर सहा महिन्यांत बसतो आणि खालच्या पत्र्याची ओळख करून देतो.

बाजारातल्या एका दुकानातून '४० डेन्सिटी' म्हणून तुकडा आणला. ३० बाय २५, जाडी ५ सेंटिमीटर. ४० किलो प्रति घनमीटर असेल तर एवढा तुकडा १५० ग्रॅम भरायला हवा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला: १०५. म्हणजे २८. परत नेऊन दाखवलं तर दुकानदार म्हणाला, "तुमचा काटा चुकीचा असंल." अर्ध्या किलोची साखरेची पुडी त्याच काट्यावर बरोबर भरते. पैसे परत मिळाले नाहीत, तुकडा गुडघ्याखाली घ्यायला गॅरेजात ठेवलाय.

मेमरी फोमचा मोह झाला होता. तो तापमानावर चालतो, पहाटेच्या थंडीत आखडतो, दुपारी ढिला पडतो. घरातल्या गादीला चालेल. सीटला वर पातळ थर म्हणून फार तर.

२३ फेब्रुवारी

शिवाजी उद्यमनगरात कुशनवाले चाचा आहेत. रिक्षा, ट्रॅक्टर, जुन्या जीपा, सगळ्यांच्या सीटा करतात. मी कागदावर काढून नेलेलं चित्र त्यांनी बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "बसा गाडीवर."

बसलो. ते मागं उभं राहून बघत राहिले. मग विचारलं, "मऊ पायजे?"

"मऊ नको चाचा, रुंद पाहिजे."

"मग जमतंय. सगळी येत्यात आन् मऊ मागत्यात. मऊ पायजे तर घरात झोपा की गादीवर, गाडीवर कशाला?"

जुनी सीट सोलली. रेक्झिनखाली फोम ओला, पिवळा पडलेला, आणि वास तर विचारू नका. शिवण बरोबर बसायच्या जागेवर आलेली. टाक्यांच्या भोकांतून दर पावसाळ्यात पाणी मुरत असणार. पत्र्याला गंज, पण नुसता वरवरचा. घासून रेड ऑक्साइड मारला, वाळायला उन्हात ठेवला आणि चहा झाला.

थर असे ठरले. तळाला दोन सेंटिमीटर रिबॉन्डेड फोम, रंगीबेरंगी चुऱ्याचा, दगडासारखा. तो हाडाला पत्र्यापर्यंत पोहोचू देत नाही. त्यावर अडीच सेंटिमीटर चांगला एचआर (हाय रेझिलियन्स, दाबला तरी लगेच उसळून येणारा) फोम. हा चाचांच्या ओळखीच्या ठिकाणाहून आणला, काट्यावर खरा उतरला. सगळ्यात वर एक सेंटिमीटर मऊ. सगळे मऊ थर एकत्र टाकले असते तर दाबायला गोड लागलं असतं आणि साळवणपर्यंतच पुरलं असतं.

चाचांचं काम बघण्यासारखं. सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावायचं, लगेच चिकटवायचं नाही. बोटाच्या मागच्या बाजूनं टेकवून बघायचं, चिकटलं नाही पण ओढ लागली की वेळ झाली. मग एका कडेनं सुरू करून तळव्यानं हवा काढत आणायचं. आकार आधी हॅक्सॉ ब्लेडनं, मग ग्राइंडरला पॉलिश पेपर लावून. फोमची पिवळी पूड त्यांच्या भुवयांवर बसलेली. दर थोड्या वेळानं फळी आडवी ठेवून खालून उजेड बघायचे. मागच्या बाजूला २४ सेंटिमीटर रुंदीत फळीखालून उजेड दिसेनासा झाला तेव्हा थांबले. पुढचं नाक मात्र अरुंद ठेवलं, मांड्या घासू नयेत आणि पाय सरळ खाली यावा म्हणून. बसायच्या जागेपासून नाकाकडं जाताना रुंदी एकदम कमी करायची नाही, कड मांडीत रुतते. हे मी सांगायच्या आधीच त्यांनी केलं होतं.

फोमवर प्लास्टिकचा कागद, मग काळं जाड रेक्झिन. वरचा भाग एकाच तुकड्याचा, शिवण सगळी कडेला, पायपिंगखाली (कडेच्या गोल पट्टीखाली). "डिझाइन?" म्हणाले. चौकटी-चौकटीची शिवण छान दिसते, पण प्रत्येक टाका म्हणजे पाण्याला एक भोक. नको म्हटलं. चाचांना ते आवडलं नाही. डिझाइनचे पैसे वेगळे असतात.

१ मार्च

चामड्याचं विचारून आलो, राहून गेलं असं नको. चप्पल लाईनला एका कारागिराशी बोललो. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, वापरात पायाचा आकार घेतं. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या ताणलेल्या चामडी सीटा याच गुणावर चालायच्या, बसून-बसून मालकाच्या आकाराच्या व्हायच्या. पण कारागिरानं सरळ सांगितलं, पाणी पिऊन ते फुगणार आणि सैल पडणार, बाहेर उभ्या राहणाऱ्या गाडीला लावू नका. जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस पडतो तो गगनबावड्याला आणि माझी गाडी तिकडंच जाते. रेक्झिन कायम.

२ मार्च

मागच्या सीटचा प्रश्न. पुढची सीट एकट्याची झाली म्हणून मागची काढून टाकावी आणि तिथं कॅरिअर लावावा असा विचार होता. बायको म्हणाली, "आणि जोतिबाला मी काय कॅरिअरवर बसून येऊ?"

कायद्यानंही तिचंच बरोबर. मोटार वाहन कायद्याचं कलम १२८ सांगतं की दुचाकीवर चालकाशिवाय एकच माणूस, तोही चालकाच्या मागं पक्क्या बसवलेल्या सीटवर. कॅरिअरवर उशी बांधली म्हणून ती सीट होत नाही. शिवाय कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल पाहता मूळ तपशिलापासून फारकत घेणारे बदल टाळलेलेच बरे. मी मूळच्याच भोकांत मूळचेच बोल्ट लावतोय. मागची सीट बोल्टवर निघते, तशीच ठेवली. एकट्यानं लांब जायचं तेव्हा काढायची, बाकी वेळ लावायची. पाना टूलबॉक्समधे.

९ मार्च

सीट बसवली, पन्हाळ्यापर्यंत जाऊन आलो. हाडं खूश. पण ब्रेक लावला की पुढं घसरतोय.

मोबाईलमधल्या लेव्हलनं उतार मोजला. रिकामी सीट जवळजवळ सपाट. बसल्यावर मागच्या स्प्रिंगा दबतात, म्हणजे नाक वर जायला हवं, मग घसरायला काय झालं? बायकोनं मोबाईल सीटच्या कडेला धरून बघितला तेव्हा कळलं. नाकाकडच्या खिळीच्या बुशिंगमधे (खिळीभोवतीच्या नळीत) ढिलेपणा होता, मी बसलो की पुढची बाजूही खाली जात होती. बुशिंग शॉपमधे नायलॉनचं करून घेतलं, नाकाखाली दोन वॉशर घातले. आता बसल्यावर मागच्या बाजूला किंचित, दोन अंशांच्या आसपास उतार येतो. याहून जास्त नाक वर केलं तर पुढच्या भागावर दाब येतो आणि मुंग्या परत सुरू. एक वॉशर जास्त घालून बघितला, फरक लगेच कळतो. सीट बदलायला निघालेल्यांनी आधी हे बुशिंग हलवून बघावं, कित्येकांचं काम तिथंच होईल.

मागच्या शॉकॉब्सॉर्बरचा प्रीलोडही (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) एकट्याच्या वजनाला उतरवला. मागं कुणी बसणार असेल तेव्हा चढवायचा.

३० मार्च

रत्नागिरी. पहाटे निघालो, मलकापूरच्या पुढं उसाच्या ट्रॉल्यांची रांग, आंब्याला चहा. चहासाठीच थांबलो. घाट उतरून पाली आलं तरी सीटचा विचार मनात आला नव्हता. हातखंब्याला मात्र मनगटं दुखत असल्याचं लक्षात आलं. बूड गप्प बसलं की बाकीचे अवयव बोलायला लागतात.

रस्ता खराब असतो तिथं स्प्रिंगा अजून उसळतात. मोठ्या स्पीडब्रेकरला उभं राहायचं, याला पर्याय नाही. सीटचं काम पायांनी करायचं तेव्हा पायांनीच करावं लागतं.

२२ जून

पहिल्या मोठ्या पावसानंतर कव्हरची कड उचकटून बघितली. फोम कोरडा. एका कोपऱ्यात, पायपिंग वळते तिथं, दोन-तीन टाक्यांपाशी ओल आहे. चाचांना दाखवलं, आतून टेप मारून देतो म्हणाले. डाव्या स्प्रिंगच्या बुडाशी कुरकुर सुरू झालीय, चिखल धुऊन ग्रीस लावलं, आठवडाभर गप्प राहते.

गोवन क्लासिकवाल्या मित्रानं माप मागितलंय. त्याला पुठ्ठा पाठवलाय.